बाबांचा स्पेक्ट्रम आणि त्याची कस्टमची पावती

घरात ऐंशीच्या दशकातला एखादा संगणक सापडला आणि सोबत त्याची कागदपत्रंही असली, तर आधी कागद वाचा, स्क्रूड्रायव्हर नंतर हातात घ्या. ऑगस्ट २०२३ ते जून २०२४ या काळात मी बाबांचा सिंक्लेअर स्पेक्ट्रम प्लस हा ब्रिटिश घरगुती संगणक पुन्हा चालू केला, त्याच्या फायलीतला प्रत्येक कागद समजून घेतला आणि शेवटी दोन्ही गोष्टी एका महाविद्यालयाच्या संगणक विभागाकडे सोपवल्या. सुरुवातीला मला यातलं काहीच येत नव्हतं. मराठीत याबद्दल वाचायला मिळेल असं फारसं सापडलंही नाही. म्हणून जसं घडलं तसं लिहून ठेवते आहे.

आमची पुण्यातली सोसायटी पुनर्विकासाला गेली आणि जुलैअखेर घर रिकामं करायचं ठरलं. माळ्यावर एका ट्रंकेत संगणक, त्याचा अडॅप्टर, कॅसेटींचा डबा आणि एक जाड पुठ्ठ्याची फाईल होती. संगणक म्हणजे एक काळा कीबोर्डच. सगळी यंत्रणा त्याच्या पोटात, पडदा म्हणून टीव्ही जोडायचा आणि प्रोग्रॅम कॅसेटवरून भरायचे. माझ्या लहानपणी तो टेबलावर असायचा एवढंच मला आठवत होतं.

फायलीत सर्वांत वर डिसेंबर १९८५ची मुंबईच्या सहार विमानतळावरची बॅगेज ड्यूटीची, म्हणजे प्रवाशाच्या सामानावरच्या आयात शुल्काची, पावती होती. कार्बनची निळी अक्षरं पुसट झाली होती, तरी वाचता येत होती: 'एक होम कॉम्प्युटर, अडॅप्टरसह', आणि पुढे २,८१० रुपये. मोठे काका इंग्लंडमधल्या लेस्टरहून आले तेव्हा त्यांनी तो आणला होता. तिकडे त्यांना तो दीडशे पौंडांच्या आत मिळाला होता, म्हणजे तेव्हाच्या भावानं अडीच हजार रुपयांच्याही आत. ड्यूटी वस्तूच्या किमतीहून जास्त भरली होती. बाबा तेव्हा वीज मंडळात नोकरीला होते. त्यांचा दीड महिन्याचा पगार एका पावतीत गेला.

बाबांना विचारलं, तर त्यांना ती सकाळ लख्ख आठवत होती. "काउंटरवरच्या साहेबांनी दादाला दोन पर्याय दिले," ते म्हणाले. "पासपोर्टवर नोंद करून घ्या आणि परत जाताना वस्तू घेऊन जा, किंवा इथेच ड्यूटी भरा. दादा म्हणाला, राहू दे, मी नेतो परत. मी म्हटलं, नाही, भरतो." पैसे त्यांनी बरोबर नेले होते, कारण असं काही होणार याची त्यांना कल्पना होती. पण एवढे लागतील असं वाटलं नव्हतं.

याच आठवड्यात आणखी एक गोष्ट घडली. ३ ऑगस्ट २०२३ रोजी परकीय व्यापार महासंचालनालयानं, म्हणजे डीजीएफटीनं, लॅपटॉप, टॅब्लेट, ऑल-इन-वन आणि छोट्या आकाराचे संगणक यांच्या आयातीवर परवान्याचं बंधन घालणारी अधिसूचना काढली. अंमलबजावणी पुढे ढकलली गेली आणि नोव्हेंबरपासून ऑनलाइन नोंदणीची पद्धत आली. पण त्या पहिल्या दिवशी मी ती अधिसूचना वाचत होते आणि टेबलावर १९८५ची पावती होती. संगणकाला देशात येण्यासाठी परवानगी का लागते, कोणाला मिळते आणि कोणाला मिळत नाही, हे मुळापासून समजून घ्यायचं मी तेव्हाच ठरवलं.

सप्टेंबर आणि ऑक्टोबर मी वाचनात घालवले. दुरुस्तीची घाई केली नाही हे बरं झालं, कारण पुढे यंत्र उघडल्यावर आत जे दिसलं त्याचा अर्थ या वाचनामुळेच लागला.

कुठे शोधायचं ते सांगते. संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात लोकसभेची जुनी कामकाजं शोधता येतात. 'कॉम्प्युटर' एवढाच शब्द टाकला तर हजारो पानं येतात. त्यापेक्षा १९७८ ते १९८८ अशी वर्षं निवडून तारांकित आणि अतारांकित प्रश्नांची उत्तरं वाचा. मंत्र्यांची लेखी उत्तरं छोटी असतात आणि आकड्यांसकट असतात. राजपत्राचे जुने अंक सरकारी ई-गॅझेटच्या संकेतस्थळावर आहेत, पण स्कॅन खराब असल्यामुळे शब्दावरून शोध लागत नाही. तारीख माहीत असावी लागते. वार्षिक आयात धोरणाचं पुस्तक, ज्याला व्यापारी 'रेड बुक' म्हणायचे, ते मला एका जुन्या अर्थशास्त्राच्या संस्थेच्या ग्रंथालयात मिळालं. बाहेरच्या वाचकाला ओळखपत्राची प्रत आणि एक साधा अर्ज लागतो, झेरॉक्सचे पैसे वेगळे. ग्रंथपालबाईंनी स्वतः खालच्या मजल्यावरून खंड आणून दिले. अशा ठिकाणी जाताना विषय एका ओळीत लिहून न्या, त्यांचं काम सोपं होतं.

वाचून जे चित्र उभं राहिलं ते असं. १९४७च्या आयात-निर्यात (नियंत्रण) कायद्याखाली काय आणायचं, कोणी आणायचं, हे सरकार ठरवत होतं. परकीय चलन तुटपुंजं होतं, त्यामुळे ग्राहकोपयोगी वस्तू जवळजवळ सगळ्या बंद. यंत्रं आणि सुटे भाग आणायचे तर 'ॲक्च्युअल यूझर', म्हणजे ती वस्तू स्वतःच्या कामासाठी वापरणारा कारखाना किंवा संस्था असल्याचं दाखवावं लागे. संगणकाच्या बाबतीत त्यावर इलेक्ट्रॉनिक्स विभागाची मंजुरी. हा विभाग १९७० मध्ये स्थापन झाला होता, आणि स्वदेशी संगणक बनवण्याची जबाबदारी हैदराबादच्या ईसीआयएल या सरकारी कंपनीवर होती. १९७३च्या फेरा (परकीय चलन नियमन) कायद्यानं परदेशी कंपन्यांना भारतातला आपला हिस्सा कमी करायला सांगितला. आयबीएम या अमेरिकन संगणक कंपनीला ते मान्य नव्हतं आणि ती १९७८ मध्ये देशाबाहेर पडली. तिच्या जागी काही देशी कंपन्या वाढल्या. एचसीएलनं त्याच वर्षी आपला ८सी बाजारात आणला. या धोरणातून अभियंत्यांची एक पिढी शिकली, हे मी मनापासून मानते. यंत्र बंद पडलं की परदेशातून माणूस येणार नाही हे माहीत असलं, की इथला माणूस शिकतो.

पण घराचं काय? तासन्‌तास ते फॉर्म आणि परिशिष्टं वाचताना मी हाच प्रश्न घेऊन बसले होते. अर्जात कारखान्याचा नोंदणी क्रमांक होता, प्रायोजक अधिकाऱ्याची शिफारस होती, वर्षाची गरज किती त्याचा तक्ता होता. पुण्याच्या चाळीत किंवा सोसायटीत राहणाऱ्या, मुलीला गणित शिकवायला आणि स्वतः काहीतरी करून बघायला संगणक हवा असणाऱ्या माणसासाठी त्यात रकानाच नव्हता. त्याला 'नाही' असं कोणी म्हणत नव्हतं. अर्ज कोणत्या खिडकीत करायचा तेच ठरलेलं नव्हतं. त्याच्यासाठी एकच वाट मोकळी होती: परदेशातला नातेवाईक, त्याची बॅग, आणि विमानतळावरचा काउंटर. भारतातला सुरुवातीचा घरगुती संगणक ज्यांचं कोणी बाहेर होतं त्यांच्याकडेच का दिसायचा, याचं उत्तर मला या रकान्यांत मिळालं.

नोव्हेंबर १९८४ मध्ये राजीव गांधी सरकारनं नवं संगणक धोरण जाहीर केलं. खासगी कंपन्यांना संगणक बनवण्याची मोकळीक मिळाली, सुटे भाग आणणं सोपं झालं, शंभर टक्क्यांच्या वर असलेलं आयात शुल्क ६० टक्क्यांपर्यंत खाली आलं. माझी पहिली समजूत अशी होती की यानंतर घरगुती संगणकाचे दिवस यायला हवे होते. झालं वेगळंच. सुटे भाग आणून जोडणी करायची, तर कंपन्यांनी जोडलं आयबीएम पीसीच्या धर्तीचं यंत्र, कारण ते बँकांना, कारखान्यांना आणि सरकारी कार्यालयांना विकता येत होतं. जे कार्यालय लाखभर रुपये देऊ शकतं त्याच्यासाठी काम करायचं की पाच हजारही जपून खर्च करणाऱ्या कुटुंबासाठी? त्यांचा निर्णय समजण्यासारखा आहे. १९८६ मध्ये डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सनं सिंक्लेअरचा रीतसर परवाना घेऊन 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' भारतात आणला, तो म्हणूनच मला फार मोलाचा वाटतो. ब्रिटनमध्ये स्पेक्ट्रम एप्रिल १९८२ मध्ये निघाला होता आणि १९८४च्या ऑक्टोबरात त्याचा प्लस आला होता. आपल्याकडे तो परवान्यानं मिळेपर्यंत तिकडे त्याचा बहर ओसरायला लागला होता.

शाळांची गोष्ट याच्याच शेजारी आहे. १९८४-८५ मध्ये 'क्लास' नावाचा प्रकल्प सुरू झाला आणि सुरुवातीला सुमारे २५० शाळांत बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश शालेय संगणक बसवले गेले. पुढे मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सनं तोच संगणक 'युनिकॉर्न' या नावानं दिला. माझ्या वयाच्या बहुतेकांनी कीबोर्डला पहिला हात लावला तो शाळेत किंवा गल्लीतल्या क्लासमध्ये, वेळापत्रकाप्रमाणे, पाळीनं, चपला बाहेर काढून. ब्रिटनमधली मुलं आपल्या खोलीत रात्री जागून जे शिकली, ते आपल्याकडे तासिकेच्या चाळीस मिनिटांत शिकावं लागलं. संस्था हा वापरकर्ता कागदांत बसत होता, घर बसत नव्हतं. त्याचा हा सरळ परिणाम आहे असं माझं मत आहे.

ब्राझीलचं उदाहरण मी मुद्दाम वाचलं. तिथे १९८४ च्या कायद्यानं देशी कंपन्यांसाठी बाजार राखून ठेवला आणि मायक्रोडिजिटलनं टीके९०एक्स हा स्पेक्ट्रमचा विनापरवाना जुळा काढला, तो खूप घरांत पोचला. दारं तिथेही बंद होती, पण आतला बाजार मोठा होता आणि घराला विकायला कोणीतरी उभं होतं.

नोव्हेंबर २०२३ मध्ये यंत्राला हात लावला. ज्यांना हे करायचं आहे त्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: जुना संगणक सापडल्या सापडल्या प्लग लावू नका. स्पेक्ट्रमचा अडॅप्टर ९ व्होल्टचा आहे आणि त्याच्या पिनेचं मधलं टोक ऋण असतं. आजचे बहुतेक अडॅप्टर याच्या उलट असतात, त्यामुळे घरातला दुसरा लावून बघण्याच्या भानगडीत पडू नका. मूळ अडॅप्टर मल्टिमीटरनं तपासला तर भार नसताना बारा-तेरा व्होल्ट दाखवेल. ते नेहमीचं आहे, घाबरू नका.

स्क्रू काढून वरचं झाकण उचललं. कीबोर्डच्या पातळ प्लास्टिक पट्ट्या बोर्डातल्या सॉकेटमध्ये खोचलेल्या असतात, त्या ओढताना एक पट्टी मुडपली आणि वाळलेल्या पानासारखी तुटली. चाळीस वर्षांचं प्लास्टिक, ते तुटणारच होतं. या भागाला मेम्ब्रेन म्हणतात. त्याच्याबद्दल पुढे येतेच.

पुण्याच्या तपकीर गल्लीतून कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे भाग, आणले. मूळचे आडवे, दोन्ही टोकांना तार असलेले. तसे आता चटकन मिळत नाहीत. उभे घेतले आणि तारा वाकवून बसवले. सगळे मिळून दोनशे रुपयांच्या आत काम झालं. ७८०५ हा व्होल्टेज रेग्युलेटर वीस रुपयांत येतो, तोही बदलला. मग खालच्या १६ केबी मेमरीच्या चिपा. ४११६ जातीच्या या चिपांना तीन वेगवेगळी व्होल्टेज लागतात: पहिल्या पिनेवर उणे ५, आठवीवर १२, नववीवर ५. यातलं उणे ५ गायब झालं की चिपा जळतात. म्हणून पडदा जोडण्याआधी मीटर लावून ही तिन्ही बघा. आमच्या यंत्रात ती होती. डागकामाचा (सोल्डरिंगचा) सराव नसेल तर टीव्ही दुरुस्त करणाऱ्या एखाद्या जुन्या मेकॅनिककडे बसून करा. मी तसंच केलं, आणि तीनशे रुपये मजुरीत दोन संध्याकाळी खूप शिकायला मिळालं.

त्याच मेकॅनिककाकांनी एक गोष्ट दाखवली. टीव्हीला सिग्नल देणाऱ्या मॉड्युलेटरच्या छोट्या पत्र्याच्या डबीत एक तार कापून वेगळी केली होती आणि तिच्या जागी कपड्याचं वेष्टण असलेली पिवळी तार डागली होती. "हे कारखान्यातलं नाही," ते म्हणाले. "कोणीतरी इथे हातानं केलंय. आणि ज्यानं केलंय त्याला काम येत होतं."

घरी येऊन बाबांना फोटो दाखवला. ते बराच वेळ हसत होते. ड्यूटी भरून, टॅक्सीनं दादरला येऊन, डेक्कन क्वीननं पुण्याला आणलेला संगणक घरच्या टीव्हीवर दिसलाच नव्हता! ब्रिटनमधला स्पेक्ट्रम यूएचएफ या लहरींच्या पट्ट्यातल्या ३६व्या चॅनेलवर चित्र पाठवतो, आणि आमच्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीला दूरदर्शनपुरता व्हीएचएफ या दुसऱ्या पट्ट्याचा खटका होता. संगणक देशात आला, पण तो ज्या टीव्हीसाठी बनला होता तो टीव्ही त्याच्याबरोबर आला नव्हता. मग पेठेतल्या एका रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्यानं मॉड्युलेटर वगळून सरळ व्हिडिओचा सिग्नल बाहेर काढला आणि टीव्हीतही तशी सोय करून दिली. आज जगभरचे हौशी लोक नव्या टीव्हीला स्पेक्ट्रम जोडण्यासाठी हाच बदल करतात. त्या माणसानं तो १९८६च्या जानेवारीत, सर्किटचा नकाशा समोर नसताना केला होता. आयातबंदीच्या काळात इथे काय कमावलं गेलं असं मला कोणी विचारलं, तर मी ती पिवळी तार दाखवेन. ती मी तशीच ठेवली आहे, एकही डाग बदललेला नाही.

चित्र आलं. पांढऱ्या पडद्यावर तळाशी सिंक्लेअर रिसर्चची १९८२ची ओळ. पण मेम्ब्रेन तुटल्यामुळे अर्ध्या कळा मुक्या होत्या.

चालू स्थितीतला दुसरा स्पेक्ट्रम ब्रिटनमधून मागवावा का, असा विचार मी केला होता. तो सोडून दिला, आणि तुम्हीही आधी नियम बघा असं सांगेन: वापरलेले संगणक आयात करायला डीजीएफटीची परवानगी लागते. नवा सुटा भाग मात्र आणता येतो. मेम्ब्रेन ब्रिटनमध्ये आजही नव्यानं बनवतात. एकच काळजी घ्या, रबरी कळांच्या मूळ स्पेक्ट्रमचं मेम्ब्रेन आणि प्लसचं मेम्ब्रेन वेगळं असतं. मागवताना मॉडेल नीट लिहा.

डिसेंबरात मागणी नोंदवली. मेम्ब्रेन १६ पौंड, टपाल ९ पौंड. कार्डावर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात, ते आधी बँकेच्या ॲपमधून सुरू करावे लागतात. विक्रेत्याला मी दोन गोष्टी लिहून कळवल्या. पाकिटावर 'भेटवस्तू' लिहू नका, कारण डिसेंबर २०१९ पासून टपालानं किंवा कुरिअरनं भेट म्हणून माल सोडवून घेणं, औषधं आणि राखीसारखे अपवाद वगळता, बंद आहे. आणि वर्णनात 'कॉम्प्युटर' असं मोघम न लिहिता 'कीबोर्डचं नवं मेम्ब्रेन, सुटा भाग' असं स्पष्ट लिहा, बिलाची प्रत बाहेरच्या पाकिटात ठेवा.

पाकीट नाताळानंतर मुंबईत पोचल्याचं ट्रॅकिंगवर दिसलं. मग जानेवारीचा बराचसा भाग काहीच हललं नाही. या टप्प्यावर जीव टांगणीला लागतो हे खरं. नंतर कागद मागवणारं पत्र आलं: ओळखपत्र, बिल, पैसे भरल्याचा पुरावा, वस्तू कशासाठी हवी त्याचा खुलासा. मी एका पानात लिहिलं की हा १९८५च्या संगणकाचा भाग आहे, वैयक्तिक वापरासाठी आहे, विक्रीसाठी नाही. सोबत यंत्राचा फोटो जोडला. फोटो जोडाच. नुसत्या शब्दांतून पातळ प्लास्टिकचा तो तुकडा काय आहे हे कोणाला कसं कळणार? फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पोस्टमननं पाकीट आणलं, शुल्क आणि हाताळणीची फी मिळून अकराशे रुपयांच्या आसपास भरले. दर बदलत असतात, त्यामुळे मागवण्याआधी चालू दर पाहून घ्या आणि शुल्काची रक्कम बाजूला ठेवूनच हिशेब करा.

शुल्काची पावती फायलीत लावायला घेतली, तेव्हा आतला एक कागद नीट वाचला. १९८७चं टपालाचं सूचनापत्र. वस्तूचं वर्णन: 'कीबोर्ड शीट'. तेव्हाही मेम्ब्रेनच गेलं होतं! त्याआधी बाबांनी मुंबईच्या एका विक्रेत्याला लिहिलं होतं. त्याचं एका वाक्याचं उत्तर जोडलेलं होतं, की सुटे भाग फक्त संस्थांच्या मागणीवर येतात. मग काकांनी लेस्टरहून पाठवलं. ते सोडवायला बाबांनी रजा काढून मुंबईला खेप घातली होती, आणि संगणक पावसाळाभर बंद होता. मला घरबसल्या ईमेलनं कागद देता आले आणि वस्तू दारात आली. सोय पुष्कळ वाढली आहे, आणि ज्यांनी ती वाढवली त्यांचं मला कौतुक वाटतं. तरी खुलाशाचं माझं पान आणि बाबांचा टंकलिखित अर्ज शेजारी ठेवले, तर मजकूर जवळजवळ एकच निघतो: वस्तू वैयक्तिक वापरासाठी आहे, विक्रीसाठी नाही.

मार्च आणि एप्रिल कॅसेटींमध्ये गेले. साधा कॅसेट प्लेअर घ्या, हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, आणि हेडचा बारीक स्क्रू आवाज स्वच्छ होईपर्यंत हळूहळू फिरवा. थेट संगणकात भरण्याआधी प्रत्येक कॅसेट लॅपटॉपवर रेकॉर्ड करून ठेवा. फीत तुटली तर प्रत हाताशी असते.

विकत घेतलेला प्रोग्रॅम त्या डब्यात एकही नव्हता. प्रोग्रॅम आमच्याकडे कागदावरून आले होते. काका ब्रिटिश संगणक मासिकं पोस्टानं पाठवायचे, छापील अंकांना कोणी अडवत नसे, आणि बाबा त्यातली बेसिक या संगणकभाषेतली पानंच्या पानं रात्री बसून टाइप करायचे. मासिकांच्या समासात चुकलेल्या ओळींवर त्यांच्या खुणा आहेत. दोनेक वर्षांनी ते स्वतःच लिहायला लागले होते. एका कॅसेटवर सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशेब होता, आणि दोन कॅसेटींवर त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'मराठी अक्षरं'.

त्या कॅसेटी चालल्या तेव्हा मी जागची हलले नाही. स्पेक्ट्रममध्ये वापरणाऱ्याला स्वतःची चिन्हं घडवता येतात, एका वेळी २१. प्रत्येक चिन्ह आठ बाय आठ चौकोनांचं, आणि प्रत्येक आडव्या ओळीसाठी एक आकडा. फायलीतल्या आलेख-कागदांवर बाबांनी पेन्सिलीनं चौकोन भरून क, म, र, ळ काढले आहेत आणि शेजारी आठ-आठ आकडे लिहिले आहेत. जवळजवळ प्रत्येक अक्षराचा पहिला आकडा २५५: आठही चौकोन भरलेले, म्हणजे शिरोरेषा. वेलांट्या आणि मात्रा शिरोरेषेच्या वर बसत नव्हत्या, म्हणून त्यांनी त्यांना वरच्या ओळीत वेगळी चिन्हं दिली. एकवीसमध्ये मराठी मावत नाही. त्यांनी अक्षरांचे तीन संच मेमरीत ठेवले आणि लिहिता लिहिता मेमरीतल्या २३६७५ आणि २३६७६ या पत्त्यांवरचे आकडे बदलून एका संचातून दुसऱ्यात जायचं, अशी युक्ती केली. ही युक्ती त्यांना कोणी सांगितली असं मी विचारलं. "सांगणार कोण? पुस्तकातला मेमरीचा नकाशा बघत बसलो, सापडलं," ते म्हणाले. पडद्यावर 'सदस्याचे नाव' आणि 'थकबाकी' हे शब्द उमटले, जोडाक्षरं जराशी फाकलेली, पण वाचता येणारी.

असे किती जण असतील? ज्यांना ड्यूटी परवडली नाही, ज्यांचं कोणी लेस्टरला नव्हतं, त्यांच्यातले किती जण असं काही करू शकले असते? पुढे १९९१ नंतर यंत्रं आणि कच्चा माल खुला झाला, पण ग्राहकोपयोगी वस्तूंवरची उरलेली संख्यात्मक बंधनं १ एप्रिल २००१ला उठली. भारत १९९७ मध्ये ज्या आंतरराष्ट्रीय माहिती-तंत्रज्ञान करारात सामील झाला, त्यानुसार संगणकावरचं शुल्क २००५पर्यंत शून्यावर आलं. तोवर आठ बिटी घरगुती संगणकाचा काळ जगभर संपून गेला होता. देशी उद्योग उभा राहण्यासाठी काही काळ दार लावून घेणं मला चूक वाटत नाही. त्या दाराला घरासाठी एक छोटी खिडकी ठेवता आली असती, याची मात्र मला खंत वाटते.

मे महिन्यात महाविद्यालयाशी बोलणं झालं. तिथल्या प्राध्यापकांना यंत्र हवं होतं. फाईल ठेवायला जागा नाही असं पहिल्यांदा सांगण्यात आलं. मी पावती, १९८७चं सूचनापत्र, आलेख-कागद आणि माझी २०२४ची पावती असे निवडक कागद घेऊन पुन्हा गेले आणि विभागप्रमुखांना एकेक समजावून सांगितलं. फाईल नसेल तर यंत्रही देणार नाही, हेही स्पष्ट केलं. त्यांनी ते मानलं. वस्तू देताना तीन कागद करा: देणगीपत्र, वस्तूंची यादी दोन्ही बाजूंच्या सह्यांसह, आणि यंत्र वर्षातून किती वेळा व कोणाच्या देखरेखीखाली चालू करायचं याची टीप. पिवळ्या तारेचा आणि तिला हात न लावण्याचा उल्लेख मी यादीत वेगळा केला आहे. मूळ कागदांवर प्लास्टिकचं लॅमिनेशन करू नका. आम्लरहित कागदाच्या पाकिटात ठेवा आणि आधी स्कॅन करा.

जूनमध्ये सगळं सोपवलं. 'मराठी अक्षरं'मधली दुसरी कॅसेट मधल्या भागात अजून वाचली जात नाही. तिचं रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे आणि त्यावर काम चालू आहे. तुमच्या घरी १९८२ ते १९९० मधली बॅगेज पावती, आयात परवान्याचा अर्ज किंवा इलेक्ट्रॉनिक्स विभागाचं पत्र असेल, तर रद्दीत जाऊ देऊ नका. नाव-पत्ता झाकून स्कॅन केलंत तरी चालेल. वस्तूचं वर्णन, तारीख आणि भरलेली रक्कम एवढं दिसलं पाहिजे.